विलंबाची कारणे

"आपण नवव्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या घरात भाड्याने राहता, हे खरे आहे काय?"

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. सिंगापूरमधल्या, क्लेमेंटीच्या आमच्या ब्लॉकमध्ये अचानक मराठी कानावर आलं की मला आधी आनंद होतो आणि मग मी सावध होते. प्रश्न विचारणारे गृहस्थ पंचाहत्तरीच्या आसपासचे असावेत. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात टोक केलेल्या दोन पेन्सिली, हातात कोथिंबिरीची जुडी.

"हो," मी म्हटलं.

"असल्यास, काल सायंकाळी सदर घरातून करपल्याचा वास येत होता, हेही खरे आहे काय?"

"वांगं भाजत ठेवलं होतं. फोनवर आईशी बोलत बसले आणि विसरले."

"ते बोलणं आम्ही ऐकलं. आवाज चांगला आहे तुमचा, मागच्या बाकापर्यंत जाईल. आता शेवटचं. असल्यास, अशा घटनांची पुनरावृत्ती होऊ नये म्हणून कोणती उपाययोजना केली आहे वा करण्यात येत आहे?"

लिफ्टचं दार उघडलं तरी मी तशीच उभी. त्यांना माझी दया आली असावी.

"माहिती घेऊन उत्तर देतो म्हणा," ते म्हणाले. "सगळे तेच म्हणतात." आणि माझ्या शेजारच्याच घराचं जाळीचं दार उघडून आत गेले.

भालचंद्र साळवी, म्हणजे पुढे माझे साळवीकाका झाले, त्यांची आणि माझी ही पहिली भेट. मी विद्यापीठात शेवाळावर संशोधन करायला नुकतीच आले होते आणि त्या घरात एक खोली घेऊन राहत होते. काका शेजारी मुलाकडे राहत. मुलगा समीर वन-नॉर्थला एका कंपनीत मॅनेजर, सून केतकी बँकेत, नात रिया नऊ वर्षांची. काका चौतीस वर्षं मुंबईला विधानभवनात प्रतिवेदक होते. सभागृहात आमदार-मंत्री जे जे बोलतात ते लघुलिपीत शब्दन्‌शब्द उतरवून घेणारा तो प्रतिवेदक. सभागृहाच्या मधोमध एक टेबल असतं, तिथे खाली मान घालून लिहीत बसलेली माणसं आपण टीव्हीवर शंभरदा पाहिलेली असतात आणि एकदाही नीट पाहिलेली नसतात. काका त्यातले एक.

चौतीस वर्षं दुसऱ्यांचे प्रश्न लिहून लिहून त्यांच्या जिभेला तोच साचा बसला होता. हे खरे आहे काय, असल्यास काय कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. घरातला दिवस तीन भागांतच उगवायचा. "चहा झाला आहे, हे खरे आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" केतकी लग्न होऊन घरात आली तेव्हा म्हणे पहिला महिनाभर घाबरून होती. मग तीही तयार झाली. काकांनी तिसरा बेसनलाडू मागितला की ती वर न बघता सांगायची, "आपली साखर वाढलेली असल्यामुळे प्रश्न उद्भवत नाही." काका डबा मुकाट्याने बंद करायचे. सरकारी उत्तराला ते फार मान देत.

रियाचं मराठी यथातथाच. पण हा साचा तिला तोंडपाठ होता.

"गृहपाठ पूर्ण झाला आहे, हे खरे आहे काय?"

"डन ऑलरेडी, आजोबा!"

"गणिताच्या वहीची पाहणी केली असता..."

"ओके लाह, अंशतः खरे आहे."

काका हसत मात्र नसत. ही एक नोकरीतली खोड. सभागृहात कितीही विनोद झाला तरी प्रतिवेदकाने हसायचं नसतं. सगळे खुर्च्यांवरून पडायच्या बेतात असले तरी त्याने कंसात 'हशा' एवढं लिहून पुढच्या वाक्याला लागायचं. त्यामुळे तुम्ही त्यांना कितीही फक्कड किस्सा सांगा, काका गंभीर चेहऱ्याने ऐकून घेणार आणि शेवटी म्हणणार, "हशा." मध्येच कोणी बोललं तर "अडथळा." कुकरच्या शिट्ट्या आणि केतकीचा ऑफिसचा फोन एकदम सुरू झाला तर "गोंधळ." असं कंसातलं बोलणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही.

मी एकदा विचारलं, "आणि कोणी रडलं तर काय लिहायचं?"

काका विचारात पडले. "शोकप्रस्तावाला रडलेले पाहिलेत मी. चांगले गेंड्याच्या कातडीचे रडलेत. पण त्याला कंस नाही. आपण थांबायचं. बोलायला लागले की पुन्हा लिहायचं."

रविवारी सकाळी ते मला खाली हॉकर सेंटरला, खाण्यापिण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, घेऊन जात. चहा-कॉफीच्या गाळ्यावरच्या चिनी मावशींशी त्यांचं जन्माचं भांडण होतं. काका इंग्रजीत विचारायचे, "मी कमी साखर सांगितलेली असताना आपण कपात आटवलेलं दूध ओतलं, हे खरे आहे काय?" मावशी कप पुढे सरकवत म्हणायच्या, "यू से टू लेट, अंकल. पुट ऑलरेडी." काका कप घेऊन टेबलापाशी येत आणि समाधानाने म्हणत, "चौतीस वर्षांत इतकं सरळ उत्तर एकाही मंत्र्याने दिलं नाही."

डिसेंबर आला की काका मरून रंगाचा, बिनबाह्यांचा लोकरीचा स्वेटर चढवत. सिंगापूरच्या डिसेंबरात. घामाच्या धारा लागलेल्या, पण स्वेटर अंगावरच. कारण डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन. मग तासन्‌तास नागपूर. सकाळची बोचरी थंडी, दारावर येणारी संत्र्याची टोपली, प्रतिवेदकांच्या खोलीतला चहा, आणि पाच-पाच मिनिटांच्या पाळ्या. पाच मिनिटं झाली की पुढचा माणूस मागून येऊन हळूच शेजारी बसायचा. त्याची पेन्सिल सुरू झाली की आपली थांबवायची आणि वाकून बाहेर पडायचं. एकही शब्द दोघांच्या मधून निसटता कामा नये.

"आणि निसटला तर?"

"निसटायचा नाही," काका म्हणाले. विषय संपला.

स्वेटर काकूंनी विणलेला. त्या चार वर्षांपूर्वी गेल्या. डोंबिवलीच्या घरात काकू सभागृहाच्या अध्यक्ष होत्या, हे काकांनी मला अगदी अधिकृत पद सांगावं तसं सांगितलं. स्वाती, त्यांची मुलगी, समीरहून मोठी. सातवीत असताना तिने सहलीला जायच्या परवानगीसाठी वहीच्या पानावर रीतसर तारांकित प्रश्न लिहून दिला होता. 'वर्गातील सर्व मुली माथेरानला जात आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, कु. स्वाती साळवी हिला परवानगी देण्यास होणाऱ्या विलंबाची कारणे काय आहेत?' काका टोलवाटोलवी करू लागले तेव्हा काकूंनी पोळी लाटता लाटता निर्णय दिला, "मंत्र्यांनी सरळ उत्तर द्यावं." स्वाती माथेरानला गेली. हे सांगताना काका हसले नाहीत, पण 'हशा' म्हणायलाही विसरले.

"स्वाती आता कुठे असते?"

"मतदारसंघात," काका म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करायला लागले.

हा मतदारसंघ मला बरेच दिवस कळेना. काका एखाद्या सकाळी जिन्यात भेटत आणि चिंतेने सांगत, "मतदारसंघात काल वादळ होतं. वीज नाही." किंवा, "ताईंनी काल आरोग्यमंत्र्यांना पाणी पाजलं. दवाखान्याला जाणारी बस बंद केली होती, चांगलं धारेवर धरलं." ताई म्हणजे आपल्याकडच्याच कोणी आमदार असणार असं मी धरून चालले होते. पश्चिम किनारा, वादळ, बंद पडलेली बस, म्हणजे गुहागर नाहीतर देवगड. साळवी मूळचे तिकडचेच.

मग एका बुधवारी मी खोबरं मागायला संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. काका जेवणाच्या टेबलाशी ताठ बसले होते, समोर लॅपटॉप, हातात पेन्सिल. पडद्यावर एक सभागृह होतं, पण आपलं नव्हतं. पिकलेल्या केसांच्या, दोरीने चष्मा गळ्यात अडकवलेल्या एक गोऱ्या बाई उभ्या राहून कडाकडा बोलत होत्या.

"ताई," काकांनी न थांबता मला ओळख करून दिली.

ताई आयर्लंडच्या संसदेतल्या निघाल्या. विरोधी बाकावरच्या, कुठल्याही मोठ्या पक्षाच्या नाहीत. तिथे दुपारचे बारा वाजले की इकडे सिंगापुरात उन्हाळ्यात सात आणि हिवाळ्यात आठ वाजतात. त्या सुमारास तिथे विरोधक सरकारला प्रश्न विचारतात आणि ते सगळं इंटरनेटवर थेट दिसतं. काका ते ऐकत आणि ऐकता ऐकता मनातल्या मनात मराठी करून लघुलिपीत उतरवत. सुरुवातीला त्यांना ते इंग्रजी कळायचं नाही. "तोंडात पान धरून बोलतात सगळे," ते म्हणाले. मग कान तयार झाला. मध्येच कोणी त्यांच्या मायबोलीत, आयरिशमध्ये, बोलायला लागलं तर काका पेन्सिल खाली ठेवून मान लववून बसत, कारण कळत नसलं तरी सभागृहातलं बोलणं होतं. मार्चमध्ये तिथली घड्याळं पुढे गेली की मात्र त्यांची चिडचिड व्हायची. "सभागृहाला विश्वासात न घेता वेळ बदलतात," असं ते रियाला दरवर्षी ऐकवत, त्या वर्षी मलाही. तिथल्या सभागृहाला विश्वासात घेतलेलं असणार, पण काकांना कोणी घेतलं नव्हतं.

त्या बुधवारनंतर मीही जाऊन बसायला लागले. खरं सांगायचं तर केतकी गरम पोळ्या वाढायची, म्हणून. पण हळूहळू मलाही ताईंची ओढ लागली. राष्ट्राचे मोठमोठे प्रश्न बाकीचे विचारायचे. ताई आपल्या भागाचं एकेक गाऱ्हाणं घेऊन उभ्या राहायच्या. पोस्ट बंद झालं. शाळेच्या छपरातून पाणी गळतं. आणि फिरून फिरून, दर दोन-तीन महिन्यांनी, तो पूल.

पूल म्हणजे समुद्रकाठच्या एका गावाबाहेरचा जुना बुटका दगडी पूल. भरतीच्या वेळी वादळ आलं की पाण्याखाली जायचा आणि गावाचा रस्ता तुटायचा. ताई विचारायच्या, नवा पूल कधी होणार? मंत्री उभे राहून सदस्यांचे आभार मानायचे, विषयाचं गांभीर्य सरकारला कळतं म्हणायचे, अहवाल मागवला आहे म्हणायचे.

"माहिती घेऊन सांगतो," काका पुटपुटायचे आणि लिहायचे. पुलाचा प्रश्न असला की त्यांची पेन्सिल इतकी दाबून चालायची की रेघा कागदाच्या मागून उमटायच्या.

एकदा मी न राहवून म्हटलं, "काका, त्या पुलाचं तुम्हाला इतकं काय?"

समीर-केतकी बाहेर गेले होते, रिया आत पेंगत अभ्यास करत होती. काकांनी उठून कपाटातून वह्यांच्या गठ्ठ्यातली सगळ्यात जुनी वही काढली. "वाचतो," म्हणाले. "माझं भाषांतर आहे. चुका असतील."

आणि त्यांनी वाचलं. प्रतिवेदक वाचतात तसं, आवाजात चढ-उतार न करता.

"'...अध्यक्ष महोदय, या वादळात माझ्या मतदारसंघातील हा पूल तीन दिवस पाण्याखाली होता. गावातून कोणाला बाहेर पडता आले नाही. येथील वृद्धाश्रमात काम करणारी एक परिचारिका आहे. आमच्या आईवडिलांची सेवा ती करते. तिची स्वतःची आई भारतात त्याच आठवड्यात वारली. ही मुलगी बॅग घेऊन पुलाच्या अलीकडे दोन दिवस उभी होती. ती अंत्यसंस्काराला पोहोचू शकली नाही. तिला मी काय सांगायचे ते मंत्रिमहोदयांनी सांगावे.'"

काकांनी वही मिटली.

"परिचारिकेचं नाव कामकाजात नाही," ते म्हणाले. "पण मला ठाऊक आहे."

मग त्यांनी उरलेलं सांगितलं. काकू फेब्रुवारीत गेल्या. स्वातीचा फोन आला, रस्ता बंद आहे, पोहोचता येत नाही. काकांना ते पटलं नाही. रस्ता बंद म्हणजे किती बंद? माणूस ठरवलं तर येतो. स्वाती पाचव्या दिवशी डोंबिवलीला दारात उभी राहिली तेव्हा काका पुढे झाले आणि म्हणाले, "आता कशाला आलीस? कामकाज संपलं."

स्वातीने चपला काढल्या, तेराव्यापर्यंत घरात राहून सगळं केलं आणि निघून गेली. त्यानंतर दोघांत एक शब्द नाही.

पुढच्या वर्षी समीरने काकांना सिंगापूरला आणलं. इथे आल्या आल्या काकांनी काय केलं असेल? रियाकडून इंटरनेटवर शोधायला शिकले आणि तिथल्या संसदेच्या कामकाजात त्या गावाचं नाव घालून पाहिलं. मुलगी खोटं बोलली होती याचा पुरावा त्यांना हवा होता. रस्ता खरोखर बंद असता तर कोणीतरी सभागृहात बोललंच असतं, असा त्यांचा हिशेब. आणि बोललेलं होतं. छापील, तारीखवार.

"मुलीने तोंडाने सांगितलं ते मी मानलं नाही," काका म्हणाले. "कामकाजात आलं तेव्हा मानलं. असा बाप असतो का?"

मला राग आला होता, तो मी लपवला नाही. "मग फोन का नाही केला? तीन वर्षं झाली वाचून!"

"काय सांगू तिला? तू खरं बोलत होतीस हे मी तपासून घेतलं, म्हणून सांगू?" ते वहीवरून हात फिरवत राहिले. "सभागृहात कोणी वावगं बोललं ना, तर ते शब्द काढून टाकता येतात. अध्यक्ष आदेश देतात. आम्ही त्या जागी नुसती टिंबं द्यायचो. पण आदेश अध्यक्षांनीच द्यावा लागतो. आपल्या मनाने काढता येत नाही. आणि आमच्या अध्यक्ष..."

पुढे ते बोलले नाहीत. मीही थांबले. कंस नव्हता.

मग वही गठ्ठ्यात परत ठेवत म्हणाले, "पूल मंजूर झाला की करीन. म्हणजे बोलायला काहीतरी निमित्त होईल. अभिनंदन करता येईल."

म्हणजे समजलं का? इकडे आड तिकडे विहीर असं काही नव्हतं, सरळ रस्ता होता. पण काका आयर्लंडच्या सरकारने पूल बांधायची वाट पाहत होते. आणि ते सरकार अहवालाची वाट पाहत होतं. चौतीस वर्षं मंत्र्यांची उत्तरं ऐकून माणसाने दुसरं काही नाही तर टाळायला मात्र उत्तम शिकावं, याचं मला नवल वाटत राहिलं.

हे सगळं मी पोटात ठेवलं. पण पोटात काही राहत नाही अशी एक व्यक्ती त्या घरात होती. रिया दर रविवारी काका हॉकर सेंटरला गेले की केतकीच्या फोनवरून आत्याशी बोलायची. हे काकांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. आत पेंगत अभ्यास करणाऱ्या रियाने त्या दिवशी किती ऐकलं कोण जाणे, पण पुढच्या रविवारी तिने आत्याला सांगितलं की आजोबा एव्हरी वीक तुझ्या गावच्या ब्रिजचं लिहून घेतात, इलेव्हन नोटबुक्स, आत्या, नो जोक.

दोन दिवसांनी संध्याकाळी रिया माझ्या दाराशी आली. "दीदी, कॅन प्रिंट ऑर नॉट? सीक्रेट हां." फोनवर एका कागदाचा फोटो होता. हाताने लिहिलेला, मराठीत, टपोऱ्या अक्षरात. मी तो वाचला आणि तिथेच चपलांच्या मांडणीवर बसले. मग प्रयोगशाळेत जाऊन चांगल्या जाड कागदावर छापून आणला. शेवाळाचं काम त्या दिवशी तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. आठ वाजायला दहा मिनिटं. काका टेबलाशी बसून पेन्सिली लावत होते, अंगात स्वेटर. रियाने कागद दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मंत्रिमहोदय, तुम्हाला क्वेश्चन आला आहे."

काकांनी चष्मा नीट केला. अक्षर त्यांनी पहिल्या ओळीतच ओळखलं, कारण हात कागदावर ठेवल्या जागी राहिला.

'(१) येथील पुलाबाबत सभागृहात विचारण्यात आलेले सर्व प्रश्न सिंगापूर येथील एक ज्येष्ठ नागरिक वहीत उतरवून घेत आहेत, हे खरे आहे काय?

(२) असल्यास, सदर नागरिकास पुलापलीकडे राहणाऱ्या आपल्या मुलीचा फोन नंबर ठाऊक आहे, हेही खरे आहे काय?

(३) असल्यास, फोन करण्यास होत असलेल्या विलंबाची कारणे काय आहेत?

स्वाती भालचंद्र साळवी.'

केतकी स्वयंपाकघराच्या दारात हाताला पीठ तसंच घेऊन उभी होती. समीर नेमका तेव्हाच ऑफिसमधून आला आणि बूट न काढता थांबला.

"मुद्देसूद लिहिते," काका शेवटी म्हणाले. "उपप्रश्नाला जागा ठेवत नाही."

त्यांनी पेन्सिल घेतली. पहिल्या प्रश्नापुढे लिहिलं, 'हे खरे आहे.' दुसऱ्यापुढेही तेच लिहिलं. तिसऱ्यापाशी पेन्सिल टेकवली आणि ती पुढे जाईना. लॅपटॉपवर तिथलं सभागृह सुरू झालं होतं. ताई उभ्या राहिल्या होत्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी काकांना ताई बोलत असताना आवाज बंद करताना पाहिलं.

"हे लेखी द्यायचं उत्तर नाही," ते म्हणाले. "फोन लाव, समीर."

आणि ते उठून उभे राहिले. सभागृहात बोलायचं तर उभं राहून बोलावं लागतं. त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली, स्वेटर खाली ओढला. चौतीस वर्षं ते त्या मधल्या टेबलाशी बसून होते, बोलायला एकदाही उभे राहिले नव्हते. समीरने नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. केतकीने आम्हा सगळ्यांना डोळ्यांनीच बाहेर काढलं, आणि आम्ही चौघं कॉरिडॉरमध्ये, लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी जाऊन उभे राहिलो.

खिडकीच्या काचांच्या फटीतून ऐकू यायचं ते आलंच. मी कान बंद केले नाहीत, खोटं कशाला सांगू?

"मी... बाबा बोलतोय."

मग तिकडून स्वाती बोलत असावी.

"पूल बंद होता गं. तुझं खरं होतं. मी... हो. हो, कळलं मला. फार उशिरा कळलं."

मग काकांचा आवाज एकदम चढला, जुन्या सवयीने. "काढून टाकलंस? ते दारातलं वाक्य? कोणाच्या आदेशाने?"

तिकडून काय उत्तर आलं ते आम्हाला कळायचं कारण नव्हतं.

"आईनेच?" काका म्हणाले. "बरं. अध्यक्षांनी सांगितलं असेल तर... बरं. बरं, बाळ."

समीर तोंड फिरवून समोरच्या ब्लॉककडे बघत होता. रियाने मला कोपराने ढोसलं आणि कुजबुजत विचारलं, "दीदी, आजोबा इज क्रायिंग ऑर लाफिंग?" मला सांगता येईना.

काका जूनमध्ये आयर्लंडला गेले. आधी तीन महिन्यांसाठी म्हणून गेले, आता तिकडेच रमले आहेत. सामानाचं वजन जास्त होत होतं, म्हणून वह्या माझ्याकडे ठेवून गेले. "पटलावर ठेवतो आहे," म्हणाले, "हरवू नका." परवा त्यांचा संदेश आला. 'पुलाची पाहणी केली. शेजारी चार खांब पुरलेले दिसले. काम सुरू आहे हे अंशतः खरे आहे. ताईंना भेटलो. त्यांना मराठीतली वही दाखवली. (हशा.)'

बुधवारी संध्याकाळी शेजारून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात आणि मला उगीच वाटतं, आता कोणीतरी 'गोंधळ' म्हणेल. कोणी म्हणत नाही. मग कधी कधी मी लॅपटॉप उघडून ताईंना बघते. लघुलिपी मला येत नाही, त्यामुळे काकांच्या वह्या माझ्यासाठी नुसत्या बारीक रेघा आणि टिंबं आहेत. एकदा चाळताना अकराव्या वहीत तो जाड कागद घडी घालून ठेवलेला सापडला. त्या रात्री फोन झाल्यावर काकांनी राहिलेली जागा भरली असावी. पेन्सिलीने, साध्या मराठी अक्षरात, दाबून लिहिलेलं.

'(३) विलंबास कोणतेही कारण नव्हते.'